अमेरिकन कॅप्टन काय म्हणाला

मला इंग्रजी येत नाही. एवढं एक वाक्य मी वेळेवर नीट बोललो असतो, तर त्या रविवारी छावणीत जे झालं ते झालं नसतं.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि एका ठेकेदाराच्या मागं मागं थेट औरंगाबाद गाठून चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. (आता संभाजीनगर म्हणतो, तेव्हा औरंगाबादच होतं.) घर इतकं लांब, की आईच्या पत्रातला आजारी माणूस पत्र पोहोचेपर्यंत खडखडीत बरा झालेला असायचा. पुंडलिकनगरात रंगनाथकाकांकडं खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात काकीनं मला जेवायला घरात बसवलं, ते कायमचं. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. त्या दोघांमध्ये खोट एकच होती. त्यांचा माझ्यावर नको तेवढा विश्वास होता!

दर रविवारी सकाळच्या खेळाला मी अमेरिकन सैनिकांचे लढाईचे सिनेमे बघायचो. गाणी नाहीत, लग्न नाही, बोलणं कमी आणि बॉम्ब जास्त. शिवाय घरापासून लांब आलेली पोरं खंदकात बसून आईचं पत्र वाचतात, हे कळायला मला इंग्रजी लागत नव्हतं. दुपारी जेवताना ती गोष्ट मी काकीला सांगायचो. निम्मी पडद्यावरची, निम्मी माझी. त्यावरून काकांनी ठरवून टाकलं, की पोराला इंग्रजी फाडफाड येतं. मी दोनदा 'तसं नाही काका' म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला.

मग काकीनं माझ्या लग्नाचं मनावर घेतलं. तीन ठिकाणी नकार आला. कारण तिन्हीकडं एकच : पोरगा कोण, कुठला, मागंपुढं कुणी नाही. चौथं स्थळ छावणीतलं. सुमन नावाची मुलगी, वडील नाहीत, मामांनी वाढवलेली. मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. काकीनं मला बजावलं, की हे हातचं गेलं तर आता ती कुठल्या तोंडानं कुणाचं दार वाजवणार. मी रात्रभर घामानं भिजलो. (थंडीचे दिवस होते.)

पोहे झाले, चहा झाला. सुमन येऊन बसली, मान खाली घालून दोन प्रश्नांची उत्तरं देऊन आत गेली. मला ती आवडली. आता निघावं, असं म्हणेपर्यंत काकांना राहवलं नाही.

"सुभेदारसाहेब, पोराला इंग्रजी लई भारी येतं बरं का."

मामांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडं व्हिडिओ होता आणि एक कॅसेट होती. अमेरिकन फौजेची. चार वेळा बघितली, लढाई कळली, पण ती माणसं एकमेकांशी काय बोलतात ते काही कळलं नाही, म्हणाले. आज देवानंच तुम्हाला धाडलं!

कॅसेट सुरू झाली. मी हा सिनेमा बघितलेला नव्हता. मनात म्हटलं, गोळीबार आहे, निभावेल. पण मामांच्या हाताशी व्हिडिओचं बटण होतं. कुणी बोललं, की ते चित्र थांबवायचे आणि माझ्याकडं बघायचे.

कॅप्टन मिनिटभर बोलला. मी म्हणालो, "चला म्हणतोय."

"एवढं बोलला आणि नुसतं चला?"

तेव्हापासून मी हात सैल सोडला. पुढच्या शिपायानं एकच शब्द उच्चारला. त्याचं मी विधवा आई, गहाण पडलेली जमीन आणि लग्नाची बहीण असं सगळं केलं. मामींनी डोळ्याला पदर लावला. पुढं त्याच शिपायाला पत्र आलं. मी घाईघाईनं त्याची आई वारल्याचं सांगितलं. मामी हुंदका देतात न देतात, तोच तो पडद्यावर खदाखदा हसायला लागला.

"दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या," मी म्हणालो. काकीनं माझ्याकडं बघितलं. तिला ही गोष्ट ओळखीची वाटायला लागली असावी.

एवढ्यावर भागलं असतं. पण मग कॅप्टन नदीकाठी उभा राहून, बोट दाखवत, शिपायांवर ओरडायला लागला. मी सांगितलं, आज रात्री नदी पोहून पलीकडचा पूल उडवायचाय.

मामांनी बटण दाबलं. "पाठीवर एवढं सामान घेऊन पोहून? कुठला गाढव असा हुकूम देईल? बोट बघा त्याचं, खाली आहे. खंदक खणा म्हणतोय तो."

मी गप्प बसणार होतो, देवाशपथ. पण काका खुर्चीत पुढं सरकले. "सुभेदारसाहेब, इंग्रजी त्याला येतं, तुम्हाला नाय."

"आन् बंदूक कुणी चालवली? त्यानं का म्या?"

पूल की खंदक, यावर दोन म्हाताऱ्यांची अशी जुंपली, की माझं स्थळ बाजूलाच पडलं. शेवटी मामांनी सुमनला हाक मारली. ती बारावी झालेली होती. ही बातमी आम्हाला त्या क्षणी कळली! (काका फक्त गोत्र विचारून आले होते.) तिनं तो तुकडा दोनदा लावायला सांगितला. कान देऊन ऐकला.

"सगळं नाही कळलं मामा," ती म्हणाली, "पण तो मोज्यांचं बोलतोय. ओले मोजे काढा, नाहीतर पाय सडतील, असं काहीतरी."

मग मामा घसा खाकरून म्हणाले, की बरोबर आहे, फौज पायावरच चालते, आपण हेच म्हणत होतो. म्हणजे खोटा ठरलो तो मी एकटा! त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "पाहुणे, शिक्षण किती?"

काकांनी तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. "आठवी. तीपण अर्धी. इंग्रजीचं अक्षर येत नाही. काका-काकींचा यात दोष नाही, त्यांनी मला पोटच्या पोरासारखं ठेवलंय."

परतताना रिक्षात काकी घरापर्यंत एकच विचारत होती, इतके रविवार मी ज्यांच्यासाठी रडले, त्यातले खरे किती मेले?

आठवड्यानं मामा स्वतः पुंडलिकनगरात आले. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. पोरगी हो म्हणतेय, ते काकीला सांगत होते. म्हणते, विचारल्याबरोबर खरं बोलला, काका-काकींवर ढकललं नाही. फक्त तिची एक अट आहे. जे कळत नाही, त्याविषयी त्यानं बोलायचं नाही.

मी दाराआडूनच ओरडलो, "कबूल!"

त्याला आज तीस वर्षं झाली. घरात मी तोंड उघडतो ते फक्त जेवायला.