फोन ठेवा, मीच लावते

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवून आडवा झालो होतो, तर मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून बाईचा बसलेला आवाज आला, ‘काका, मी सीमा बोलून राहिली. आई गेली.’ सीमा म्हणजे निर्मलाताईंची मुलगी. पण तो आवाज मला ओळखता येईना, आणि तोंडून जे निघालं त्याची अजून थोडी लाज वाटते... मी म्हणालो, ‘तुम्ही फोन ठेवा, मीच लावतो.’ ठेवला. मग माझ्याकडे लिहून ठेवलेल्या निर्मलाताईंच्या नंबरवर फोन लावला. उचलला तो त्याच आवाजानं. ‘लावला ना काका? मला वाटलंच होतं. माझी बॅटरी संपली, आईचा फोन तेव्हा सापडेना, म्हणून पहिले शेजारच्यांच्या फोनवरून केला होता. आईनं हे ऐकलं असतं ना...’ पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण ती रडता रडता हसायला लागली होती. मीही हसलो. त्र्याऐंशी वर्षांच्या, रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत अशा माणसाच्या मरणाच्या फोनवर आम्ही दोघं हसत होतो, आणि त्यात वावगं काही वाटलं नाही. ती सवय आम्हाला त्यांनीच लावली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी मध्य प्रदेशातल्या सौसरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो. राहायला पांढुर्ण्याला, रोज बसनं ये-जा. निर्मलाताई कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, लोधीखेड्याहून यायच्या. घरी संत्र्याचा बगीचा होता, तो त्यांचे यजमान पाहायचे. त्यांना सगळे अण्णाजी म्हणायचे. ताई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. कॉलेजात मला ‘सर’ म्हणायच्या आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘भाऊ’. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही टाइपरायटर असे चालवायच्या की शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्याला त्या तालावर बोलावं लागे. मात्र नोकरी तात्पुरती. कायम करण्याचा कागद विद्यापीठात गेला होता आणि तिथेच कुठल्या तरी टेबलावर बसला होता. दर उन्हाळ्यात त्यांना काढलं जायचं आणि दर पावसाळ्यात परत घेतलं जायचं.

अशात कॉलेजला संगणक मिळाला. नागपूरहून जीपच्या मागच्या सीटवर, गादीत गुंडाळून आला. भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक तो चालवायला शिकून आले होते, पण मशीन येण्याच्या आठवडाभर आधी त्यांची बदली झाली. आता त्याला हात कोण लावणार? टायपिंग येतं म्हणून ताईंना उभं केलं. त्या जाडजूड पुस्तक घेऊन बसल्या, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या, आणि रविवारी नागपूरला जाऊन मशीन विकणाऱ्याला त्या सगळ्या रेघा विचारून आल्या. उद्घाटनाच्या दिवशी प्राचार्यांनी हार, उदबत्ती, नारळ असा सगळा थाट केला होता. ते नारळ फोडायला वाकले तशा ताई दारातून म्हणाल्या, ‘सर, नारळ बाहेर फोडा जी. पाणी उडलं तर देव माफ करन, मशीन नाई करनार.’ प्राचार्य क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि नारळ घेऊन व्हरांड्यात गेले. कॉलेजातला सुरक्षेचा पहिला सल्ला तो.

मग त्यांनी फळा मागून घेतला. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर एक हिरवा फळा रिकामाच असायचा. दर सोमवारी त्यावर डावीकडे मराठीत आणि उजवीकडे हिंदीत ‘संगणक खोलीतून’ असा मजकूर यायला लागला. ‘नवीन प्रिंटर आला आहे. तो आवाज करतो, बिघडलेला नाही.’ ‘फ्लॉपी ही पोळी नव्हे, दुमडू नये.’ ‘प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत काढावी. दोन्ही एकाच कपाटात ठेवणाऱ्यानं एकच प्रत आहे असं समजावं.’ विद्यार्थी तर वाचायचेच, फीस भरायला आलेले त्यांचे वडीलही उभे राहून वाचायचे. यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी पराक्रमातून आलेली असे. आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांच्या फ्लॉपीवर शेजारच्या जिनिंगमधल्या कापसाची धूळ बसली, तर त्यांनी ती नळाखाली धुतली आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातली. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी दोरीवरून फ्लॉपी काढून आणली, दुसरी प्रत प्राध्यापकांच्या हातात ठेवली आणि फळ्याकडे गेल्या. एकदा त्यांनी लिहिलं, ‘बाहेरून आलेल्या फ्लॉपीत विषाणू असू शकतो, आधी मला दाखवावी.’ दुसऱ्या दिवशी आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, नाकाला रुमाल बांधून संगणक खोलीत आले. ताईंनी शांतपणे सांगितलं, ‘बडेबाबू, हा मशीनले होते, मानसाले नाई होत.’ तरी ते महिनाभर दारातूनच बोलायचे.

मुलांचे गुण आणि प्रवेशाच्या नोंदी त्या मशीनमध्ये भरायच्या होत्या. ज्यानं त्यानं आपल्या विषयाचे भरायचे, आणि प्रत्येकाला आपला परवलीचा शब्द. आम्ही सगळ्यांनी मोठ्या गुप्ततेनं शब्द ठरवले. आठवडाभरानं ताई चहाच्या वेळी आल्या आणि एकेकाला सांगत गेल्या. एकाच्या बायकोचं नाव, दुसऱ्याचं कुलदैवत, तिसऱ्याच्या स्कूटरचा नंबर. मी तेव्हा कविता करायचो, आणि माझा शब्द म्हणजे माझं टोपणनाव होतं. ताईंनी ते सगळ्यांसमोर उच्चारलं तेव्हा कविता लिहिल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. ‘मी ओळखलं तर कोनीबी ओळखन,’ त्या म्हणाल्या. ‘घरात कोनी तरी एकदाच बोललेलं वाक्य घ्या. त्याच्या शब्दांची पहिली पहिली अक्षरं जोडा. असं वाक्य, जे तुमच्याशिवाय कोनाच्या ध्यानात नाई.’ त्या संध्याकाळी बसमध्ये मी घरातल्यांची वाक्यं आठवत बसलो. लहानपणी तापात आईनं माझ्या कानाशी म्हटलेलं एक वाक्य सापडलं. इतकी वर्षं ते माझ्यात होतं आणि मला ठाऊक नव्हतं... ते इथे लिहीत नाही. ताई रागावतील. त्यांचा स्वतःचा शब्द मात्र कोणालाच लागला नाही. अण्णाजी तक्रार करायचे, ‘लगनाले इतके वर्ष झाले, पन तो शब्द काही बाईनं सांगितला नाई.’ ताई म्हणायच्या, ‘लगनात मागितला असता तर सांगितला असता.’

आणि मग तो फोन आला. फेब्रुवारी होता, प्रात्यक्षिक परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. मी प्राचार्यांच्या खोलीत रजेचा अर्ज घेऊन उभा होतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून कोणी मोठे साहेब बोलत होते. कॉलेजनं पाठवलेली गुणांची यादी सापडत नव्हती. आत्ताच्या आत्ता सगळे गुण फोनवर वाचून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांनी ताईंना बोलावून रिसीव्हर दिला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाल्या, ‘साहब, मैं आपको पहचानती नहीं. आप फोन रखिए, मैं ही विश्वविद्यालय को लगाती हूँ.’ पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. मेरा नाम जानती हो? तुम्हारी नौकरी पक्की है क्या? ताईंचा चेहरा उतरलेला मला दिसला. नोकरी पक्की नव्हती, आणि तो कागद त्याच इमारतीत होता. प्राचार्य हातानं खुणा करत होते, वाचा, वाचा. ताईंनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तसंच सावकाश, आणि रिसीव्हर खाली ठेवला.

‘काय केलं बाई तुम्ही हे?’ प्राचार्य खुर्चीत बसले. ‘आता माझ्याबी नोकरीचं काही खरं नाई.’

‘सर, पोरांचे मार्क हायेत,’ ताई म्हणाल्या. ‘आज कोनाले वाचून दाखवले, उद्या कोनी बदलून मांगतले, तर आपन काय सांगनार?’

त्यांनी विद्यापीठाच्या छापील पुस्तिकेतून नंबर काढला आणि ट्रंक कॉल बुक केला. लागायला तीन तास लागले. तेवढा वेळ त्या फोनशेजारी स्टुलावर बसून होत्या. मी रजेचा अर्ज विसरून तिथेच थांबलो. लाइन लागली, ताईंनी परीक्षा विभाग मागितला, आणि पलीकडून तोच आवाज आला. साहेब खरेच साहेब होते. ‘अब पहचान लिया?’ असं काहीतरी ते म्हणाले असावेत, कारण ताई ‘जी, अब पहचान लिया’ म्हणाल्या आणि सगळे गुण स्पष्ट वाचून दाखवले. शेवटी साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत मी स्वतः येतो आहे. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत चालताना ताई एकदाच बोलल्या. ‘भाऊ, मी चुकली का हो?’ मी नाही म्हणालो, पण माझ्या आवाजात जोर नव्हता.

साहेब आले ते रेल्वेनं, पांढुर्ण्याला. मी गावचा म्हणून स्टेशनवर घ्यायला मला पाठवलं. वाटेत जीप थांबवून मी संत्री घेतली, सोलून दिली. त्यांनी सौसरपर्यंत सात संत्री खाल्ली, पण चेहऱ्यावरची घडी मोडली नाही. कॉलेजात पोचताच ताईंना बोलावून सगळ्यांसमोर दहा मिनिटं झाडलं. ताई पदर सावरून ऐकत राहिल्या. साहेब दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, ‘साहब, आपको तो मैं आज पहली बार देख रही हूँ. उस दिन आवाज कैसे पहचानती? आपकी जगह कोई और आपका नाम लेकर फोन करता, और मैं पढ़ देती, तो आज आप किस बात पर डाँटते?’

साहेब खुर्ची ओढून बसले आणि खिशातून पेन काढून म्हणाले, ‘अच्छा, तो क्या होना चाहिए, बोलिए.’ ताईंनी सांगितलं आणि साहेबांनी लिहून घेतलं. दुपारचं जेवण दोन तास लांबलं. जाताना साहेबांना संगणक बघायचा होता, तर ताईंनी त्यांना चपला काढायला लावल्या आणि खोलीत येणाऱ्यांच्या वहीत सहीसुद्धा घेतली.

चार-पाच महिन्यांनी विद्यापीठाचं परिपत्रक आलं, सगळ्या कॉलेजांसाठी. फोनवर ओळख पटल्याशिवाय माहिती देऊ नये, फोन ठेवून छापील नंबरवर आपण लावावा, गुणांची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, परवलीचा शब्द वरिष्ठांनाही सांगू नये. ताईंचीच वाक्यं, भारदस्त हिंदीत, खाली साहेबांची सही. ताईंचं नाव कुठेच नाही. प्राचार्यांनी नियमाप्रमाणे ते सगळ्या कर्मचाऱ्यांकडे फिरवलं, वाचून सही करायला. ताईंकडे आलं तेव्हा आम्ही सगळे काही ना काही काम काढून ऑफिसात हजर होतो. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सही केली, आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘वाचले. बरे लिहिले आहे.’ त्यांना कायम केल्याचं पत्र त्यानंतर दोन वर्षांनी आलं. त्या दिवशी अण्णाजींनी कॉलेजात संत्र्यांचे दोन पेटारे पाठवले होते.

ताईंचं तेरावं झाल्यावर मी लोधीखेड्याला गेलो. निवृत्तीनंतर ताई संध्याकाळी ओसरीवर बसायच्या, आणि गावातली, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मोबाइल घेऊन यायची... ताई, हा मेसेज खरा हाये का? सीमा नागपूरला शिक्षिका आहे. ती सुटीत आली की वैतागायची, आई, तू काय सगळ्या तालुक्याचा ठेका घेतला का? आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो तर एक म्हातारेबुवा आले, डोक्याला रुमाल, बोरगावकडचे. ‘ताई नाहीत, माहीत हाये,’ ते उभ्या उभ्याच म्हणाले. ‘पन पाय इकडंच आले.’ त्यांनी फोन पुढे केला. आज रात्री वीज कापणार, या नंबरवर बोला, असा मेसेज होता. सीमानं तो मोठ्यानं वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. ‘काकाजी, हे वीजवाल्यांनी नाही पाठवलं. खोटं आहे.’

‘मंग पुसून टाका बाई.’

सीमा पुसणार होती. मग थांबली आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. ‘तुम्हीच पुसा. कुठं दाबायचं ते मी दाखवते.’ म्हाताऱ्याचं जाड बोट दोनदा चुकीच्या जागी पडलं, तिसऱ्यांदा बरोबर पडलं. ते समाधानानं ओसरीच्या कडेला टेकले, उठायची त्यांना काही घाई दिसेना. तेवढ्यात पायरीशी आणखी एक बाई येऊन उभी राहिली, पदराआड फोन धरून. सीमानं माझ्याकडे पाहिलं. उठून आत वळता वळता तिनं विचारलं, ‘मावशी, चहात साखर चालते ना तुम्हाला?’