सरलाताईंच्या उंचीचा ओटा

सरलाताई स्वयंपाकघरात नेमक्या कुठे उभ्या आहेत, हे मला माझ्या घरात बसून कळतं. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट बरोबर आमच्या डोक्यावर. ओट्यापाशी त्या पाटावर उभ्या राहतात आणि सिंककडून गॅसकडे जाताना तो पाट पायानंच ढकलत नेतात. खर्र झालं की समजावं, भाजी धुऊन झाली. पुन्हा खर्र झालं की फोडणी. त्यानंतरच्या खर्रला मी आमच्या अविनाशना म्हणते, वरती पोळ्या सुरू झाल्या, आता मलाही उठायला हवं.

पाट लागतो, कारण देवानं बाकी सगळं सढळ हातानं दिलं आणि उंचीच्या वेळी हात आखडला. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या तासाला फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच राहायचा. पोरं म्हणायची, बाईंचं गणित तळमजल्यावर राहतं. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. उंचीवरून कुणी चिडवायला लागलं की त्याच्या आधी त्या हसतात, म्हणजे चिडवणाऱ्याची सगळी मजाच जाते. निदान माझी तरी जाते.

त्यांचे यजमान गुणवंतराव मात्र विजेच्या खांबासारखे. केंद्र सरकारात होते. आधी नेताजीनगर, मग आर. के. पुरम, अशी क्वार्टर्स बदलत गेली आणि सगळीकडे ओटा सरकारी मापाचा. सरलाताईंची उंची सरकारला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पुढे स्वतःचा फ्लॅट झाला, तर तिथे बिल्डरचं माप. पाट मात्र घरोघर बरोबर आला.

मेट्रो आमच्या सेक्टरपर्यंत आली त्या वर्षी त्यांच्या ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागली. दार उघडायला गेलं की दार हातात यायचं. ओटा फोडून खाली प्लायचा नवा सांगाडा, वर ग्रॅनाइट, असं ठरलं. तेव्हा सरलाताई म्हणाल्या, फोडतोच आहोत तर या वेळी माझ्या उंचीचा करू.

गुणवंतराव म्हणाले, स्टँडर्ड उंचीचाच होईल.

याचं कारण कराडला होतं. कराडला त्यांचा प्लॉट आहे. हा फ्लॅट विकायचा, तिकडे घर बांधायचं आणि कृष्णेच्या काठी राहायचं, हे निवृत्तीच्या आधीपासून ठरलेलं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला ते फराळ खाता खाता सांगतात, बस्, पुढच्या वर्षी कराड. मुलगा-सून-नातवंडं गुडगावला, मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट यांच्या हातात, आणि प्लॉटवर शेजाऱ्याची म्हैस बांधलेली. तरी पुढच्या वर्षी कराड. आणि बुटका ओटा बघून गिऱ्हाईक परत गेलं तर?

ठेकेदार शोधायचा म्हणजे गुणवंतरावांच्या अंगात ऑफिस संचारलं. त्यांनी तीन जणांकडून कोटेशन्स मागवली. त्यांतला एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि पडद्यावर चकचकीत किचन दाखवायला लागला. त्यात एक उंच, गोरी बाई हातात सफरचंद घेऊन उभी. सरलाताईंनी शांतपणे विचारलं, "ये मॅडम भी साथ में आती हैं क्या?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, नाही आंटी, फक्त मॉड्यूलर. गुणवंतरावांना तरीही तोच पसंत होता, कारण त्याच्याकडे छापील कार्ड होतं.

पण नियम म्हणजे नियम. ठेकेदारांनी आधी केलेली कामं पाहायला जायचं ठरलं. मुलगी बघायला जावं तसे आम्ही घरोघर निघालो. मी का, तर कोणाच्या घरात काय आहे हे नंतर सोसायटीला सांगायला कुणीतरी हवं ना. गुणवंतराव प्रत्येक ठिकाणी खण उघडून बंद करत, दारावर टकटक करत, बिजागऱ्या हलवून पाहत. सरलाताई फक्त ओट्यापाशी जाऊन दोन्ही तळवे त्यावर टेकवायच्या, टाचा किंचित वर व्हायच्या, आणि त्या बाहेर यायच्या.

शेवटी गेलो सेठी आंटींकडे. आंटी पंजाबी असून उंचीला सरलाताईंच्याच वर्गातल्या. त्या मुळ्याचे पराठे करायच्या तयारीत होत्या. सरलाताईंनी ओट्यावर तळवे टेकवले. टाचा जमिनीवरच राहिल्या. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग, विचारलं नाही की सवरलं नाही, किसणी उचलून मुळा किसायला लागल्या. सेठी आंटी बघतच राहिल्या. मग त्यांनी दुसरा मुळा पुढे सरकवला.

आमचा बाहेरच्या खोलीत चहा झाला, गुणवंतरावांनी बिजागऱ्यांबद्दल भाषण दिलं, तरी सरलाताई बाहेर येईनात. आल्या त्या हात पुसत. म्हणाल्या, हाच माणूस घ्यायचा.

हा माणूस म्हणजे जांगिड. छापील कार्ड नाही, आवाज मोठा आणि तक्रारी त्याहून मोठ्या. आल्या आल्या त्यानं आमच्या बिल्डरला, भिंतीला, आधीच्या सुताराला आणि दिल्लीच्या पाण्याला नावं ठेवली. मापं घेत घेत त्यानं विचारलं, हाइट किती? गुणवंतराव म्हणाले, स्टँडर्ड. सरलाताई म्हणाल्या, सेठीजींच्या घरी आहे तेवढी. जांगिडनं टेप गुंडाळून खिशात टाकली.

"हाइट साहब बोलेंगे," तो म्हणाला. "एक घर में मॅडम ने नीचा करवाया, साहब ने तुडवाया, बीच में मैं पिसा. आप लोग बात कर लो. मैं कल सुबह आऊंगा. नहीं बनी, तो दूसरा आदमी देख लेना."

आता खरं सांगायचं तर पाट गेला असता तर नुकसान माझंच होतं, वरची बातमी बंद झाली असती. तरी संध्याकाळी मी एक वाटी परत करायच्या निमित्तानं वर गेलेच. सरलाताई मेथी निवडत होत्या. मीही समोर बसून दोन काड्या हातात घेतल्या, म्हणजे उठवता येऊ नये. गुणवंतराव येरझाऱ्या घालत समजावत होते की बाजार काय म्हणतो, गिऱ्हाईक आधी किचन बघतं, आणि दहा जणांच्या सोयीचं ते स्टँडर्ड.

सरलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग असं करा. जी बाई हे घर विकत घेणार आहे, तिला उद्या सकाळी बोलवा. जांगिडला तिच्याच हाताचं माप घेऊ दे."

"काहीतरीच काय बोलतेस."

"काहीतरीच नाही. फक्त ती राहायला कधी येणार, तेवढं सांगा. तोवरचा स्वयंपाक मला करायचाय."

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मी तोंड घालतेच, पण मी मेथीच्या पानांत फार गुंतले होते. मग ते टीव्हीचा रिमोट शोधायला आत गेले. रिमोट टीपॉयवर होता.

ते गेल्यावर सरलाताई हळू आवाजात म्हणाल्या, "वृंदा, उंचीचं काही नाही गं. इतकी वर्षं केलंच की. पण हे पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणतात ना, तेव्हा वाटतं, माझं सगळं आयुष्य दुसऱ्या कुणाच्या तरी घरात स्वयंपाक करण्यात गेलं. एक तरी घर माझं म्हणावं."

मी सगळी मेथी निवडून दिली.

सकाळी जांगिडची स्कूटर लागलेली दिसली आणि मी चपला न घालताच वर पळाले. स्वयंपाकघरात तिघंही उभे. जांगिड घड्याळ बघत होता. गुणवंतराव सरलाताईंना म्हणाले, चपला काढ आणि भिंतीला टेकून उभी राहा. त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाले, पोळी लाटताना हात धरतेस तसा धर. त्यांनी धरला. गुणवंतरावांनी जांगिडच्या हातातली टेप घेतली, गुडघ्यांचा कडकड आवाज करत खाली बसले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. त्यातून वीतभर वजा केलं. सेठी आंटींच्या घरी कोपर आणि ओट्यात किती अंतर पडतं ते गुपचूप बघून आले होते वाटतं, कारण आकडा लगेच सांगितला.

"लिखो."

"पक्का, साहब? बेचने में दिक्कत आएगी."

"लिखो, भाई."

जांगिडनं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, ही मॅडम साक्षीदार. इतकी मोठी जबाबदारी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली.

मग बरेच दिवस करवतीचा आवाज, फेविकॉलचा वास आणि आमच्या बाल्कनीत भुश्शाचा थर. जांगिड रोज एकदा काम सोडून जायची धमकी द्यायचा आणि चहा पिऊन परत कामाला लागायचा. सांगाडा उभा राहिला, ग्रॅनाइट बसलं. ओटा खाली आला, म्हणून त्याच हिशेबानं वरची भिंतीवरची कपाटंही खाली आली. सरलाताईंचा हात आता मागच्या डब्यापर्यंत पोचतो. या दुसऱ्या भागाचा विचार गुणवंतरावांनी केला नव्हता.

काम संपल्यावर मी बघायला गेले तेव्हा सरलाताई पोळ्या लाटत होत्या. खांदे सैल, कोपरं सरळ, चेहऱ्यावर काही खास झाल्याचा भावही नाही. मी म्हटलं, तुम्ही आता उंच दिसायला लागलात हं.

"मी आहे तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "दिल्ली जरा खाली आली."

तेवढ्यात गुणवंतराव चहा टाकायला आले. ओट्यापाशी कमरेत वाकले, पातेलं ठेवलं, सरळ झाले आणि वरच्या कपाटावर ठक्कन कपाळ आपटलं. मी ओठ दाबून खिडकीबाहेर विमान दिसतंय का ते पाहू लागले.

"तुम्ही बाहेर बसा बरं," सरलाताई म्हणाल्या. "चहा मी आणून देते. तुम्हाला इथे नाही जमायचं."

गुणवंतरावांनी कपाळ चोळलं आणि गॅस पेटवला.

"होईल सवय," ते म्हणाले. "आता रोजचंच आहे."

सरलाताईंचं लाटणं जरा थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"साखर सगळ्यात खालच्या खणात आहे," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव आणखी वाकले.