एकाच नावाचे दोन फोल्डर

माझा मामा पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि घरी आला तरी स्टोअरकीपरच असायचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी होती. बंद डब्यावर 'डाळ' लिहिणं एक वेळ समजू शकतं, पण मिठाच्या बरणीवर 'मीठ', आणि बरणी काचेची! आई वैतागायची, "अरे, दिसतंय की मीठ." मामा म्हणायचा, "ताई, साखरपण अशीच दिसते." मामाला तेवढा विजय आठवडाभर पुरायचा.

लग्न त्याने केलं नाही. "बरंच झालं, बायकोच्या कपाळावरसुद्धा चिठ्ठी डकवली असती याने," असं बाबा त्याच्या तोंडावर म्हणायचे. बाबा त्याला नावाने हाक मारायचेच नाहीत, 'स्टोअर' म्हणायचे. "स्टोअर, पक्कड कुठाय?" "जिन्याखाली, दुसरा कप्पा, डावीकडे, दाजी." आणि ती तिथेच असायची. गच्चीशेजारच्या खोलीत तो राहायचा, आमच्यातच जेवायचा, आणि घरात नळापासून इस्त्रीपर्यंत जे काही बिघडेल ते त्याच्यापुढे ठेवलं जायचं. कोणी सांगितलं नाही तरी तो ते उघडून बसायचाच, ही त्यातली गोम.

स्टोअरचा त्याचा एक नियम होता आणि तो आम्हाला तोंडपाठ होता. एका नावाचे दोन कप्पे ठेवायचे नाहीत. अर्धा माल इथे आणि अर्धा तिथे पडला की हिशेब लागत नाही. असे दोन कप्पे दिसले, की आधी दोन्हींतला माल ताडून बघायचा आणि मग एक कप्पा मोकळा करायचा. याच नियमावर त्याने इमानाने सगळी नोकरी केली. त्याच्या स्टोअरमधून कधी एक वॉशरही इकडचा तिकडे झाला नाही, असं कारखान्यातले लोक अजून सांगतात.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यांचा आवाज असा होता, की शिकाऊ गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधी "क्लच! अहो क्लच!" आमच्या खिडकीतून आत यायचं. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून ओरडलेला माणूस तो. आवाज बसला तेव्हा आम्ही हसलो, म्हटलं, झिजला अखेर. मग तो बसलेलाच राहिला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घशात कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक उपाय सुचवला. आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, नंतर ती एका टॅबमध्ये भरू. चित्रावर बोट ठेवलं की तुमच्याच आवाजात वाक्य ऐकू येईल. बाबांनी ते मनावर घेतलं. घसा जरा मोकळा असायचा तो सकाळीच. लॅपटॉपला छोटा माईक लावून ते बसायचे, शेजारी आई कोमट पाणी घेऊन. "पाणी दे." "उशी वर कर." "दुखतंय." बाई म्हणाल्या होत्या, नुसती गरजेची वाक्यं नकोत, तुमची स्वतःचीही हवीत. मग बाबांनी "क्लच!" केलं, "स्टोअर, पक्कड कुठाय?" केलं, आणि आईला ते एकटेच ज्या नावाने हाक मारायचे ते "सरकार" तीनचार तऱ्हांनी केलं: रागाचं, लाडाचं, चहाचं. दिवसेंदिवस आवाज खोल जात होता. शेवटची काही वाक्यं तर अक्षरशः ओढून काढलेली होती. त्यानंतर नुसती फुसफुस उरली.

ही रेकॉर्डिंगं लॅपटॉपच्या 'डॉक्युमेंट्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप साठत होती. बाबांना ती सापडायची नाहीत, चिडचिड व्हायची. म्हणून एक दिवस त्यांनीच कुठेतरी सेटिंगमध्ये जाऊन त्या फोल्डरचा पत्ता बदलला आणि डेस्कटॉपचा, म्हणजे समोरच्या स्क्रीनचाच पत्ता दिला. कॉम्प्युटरने निमूट ऐकलं. सगळं डोळ्यांसमोर आलं, बाबा खूश. फक्त एक झालं, डेस्कटॉपच्या फोल्डरलाही कॉम्प्युटरने 'डॉक्युमेंट्स' हेच नाव लावलं. म्हणजे खोली एकच, दारं दोन आणि दोन्ही दारांवर तीच पाटी. काम मात्र बिनबोभाट चालू होतं.

ऑपरेशन मंगळवारी होतं. मी नोकरीच्या गावाहून रजा घेऊन आले होते. रविवारी दुपारी बाबा औषधाच्या गुंगीत झोपले होते आणि मी व आई दवाखान्यात लागणारं सामान आणायला निघालो. आई चपला घालता घालता मामाला म्हणाली, "ती रेकॉर्डिंगं तेवढी पेनड्राइव्हवर घालून ठेव रे. उद्या बाईंना द्यायचीत."

एवढंच काम होतं. कॉपी करायचं आणि उठायचं. पण मामाने लॅपटॉप उघडला आणि त्याला एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले.

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं, तुकड्यातुकड्यांनी. तो म्हणाला, असला पसारा पेनड्राइव्हवर घालून बाईंना कसा द्यायचा? आधी नीट लावू, मग कॉपी करू. त्याने घाई केली नाही हो, तेच तर दुःख आहे. त्याने दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडले आणि स्टोअरमध्ये ताडतात तशी एकेक फाइल ताडली. नाव, तारीख, आकार, सगळं तंतोतंत तेच. असणारच, एकाच खोलीत दोन दारांतून डोकावत होता तो. त्याची खात्री पटली, की ही दुसरी प्रत आहे. त्याने एक फोल्डर रिकामा करायला घेतला. तोही कचऱ्याच्या टोपलीत टाकून नाही, कायमचा, कारण टोपलीत माल ठेवणं हाही त्याच्या लेखी गबाळेपणाच. कायमचं पुसायचं का, असं मशीनने विचारलं. तो हो म्हणाला. मग त्याने दुसरा फोल्डर बघितला आणि त्यातही काही नव्हतं.

"दोनदा बंद करून उघडला गं," तो मला म्हणाला. "मला वाटलं, माल कुठे जातोय? पाटी चुकलीय, म्हणून दिसत नाहीये."

त्याने पाटी दुरुस्त करायला घेतली. साध्या सेटिंगमधून ते होईना, परवानगी नाही, असं मशीन सांगत राहिलं. त्याने इंटरनेटवर शोधलं. तिथे लिहिलेलं होतं, की रजिस्ट्री उघडा. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली जागा, कुठली गोष्ट कुठे ठेवलीय याचे सगळे पत्ते तिथे असतात. एक पत्ता चुकला तर मशीन स्वतःलाच सापडत नाही. त्या पानावर ठळक अक्षरांत इशाराही होता: आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, आणि कळत नसेल तर हात लावू नका.

"वाचलंस ते?" मी विचारलं.

"वाचलं. मला वाटलं, अडाणी लोकांसाठी लिहिलंय."

पत्त्यांच्या त्या ओळींत त्याला दोन जागी एकच पत्ता दिसला. पुन्हा तेच! त्याने त्यातली एक ओळ पुसली, आजूबाजूच्या आणखी काही ओळी स्वतःच्या अकलेने बदलल्या आणि लॅपटॉप बंद करून चालू केला. काळा पडदा आला, त्यावर नुसता पांढरा बाण. शेजारच्या खोलीत बाबा कूस बदलत होते. पुन्हापुन्हा बंद-चालू केल्यावर मशीननेच विचारलं: सगळं नव्याने बसवू का? तुमच्या फाइल्स ठेवू. 'ठेवू' हा शब्द बघून त्याच्या जिवात जीव आला आणि त्याने बटण दाबलं. ठेवायला होतंच काय?

आम्ही पिशव्या घेऊन आलो तेव्हा तो टेबलापाशी बसला होता. स्क्रीन दुकानातून आणल्यासारखी कोरी. शर्ट पाठीला चिकटलेला. आईने विचारलं, "झालं का रे?" तो उठला आणि आईकडे न बघता म्हणाला, "ताई, मला मार."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही, ते सगळं त्याला लागू होतं. नसता शहाणपणा करायची खोड त्याला जन्मभर होती आणि आम्ही जन्मभर तिचं कौतुक केलं होतं.

सोमवारी सकाळी शटर वर जायच्या आत आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दारात उभे होतो. त्याने लॅपटॉपची डिस्क काढली, स्वतःच्या मशीनला जोडली आणि बराच वेळ काहीबाही चालवलं. थोड्या फाइल्स वर आल्या. त्याने एक लावली. खरखर. दुसरी लावली. खरखर, आणि मध्येच "पा" एवढंच, मग पुन्हा खरखर. मामा स्पीकरला कान लावून वाकला होता.

"काका, पुसल्यावर लगेच बंद करून आणलं असतंत ना," दुरुस्तीवाला म्हणाला, "तर बहुतेक सगळं मिळालं असतं. पुसलं तरी माल जागेवरच असतो, फक्त चिठ्ठी निघते. नवीन माल त्यावर येऊन पडला, की मग संपलं. आणि तुम्ही तर अख्खं विंडोज आणून टाकलंत त्यावर."

दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता. मामाला पहिल्या वाक्यातच समजलं. तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला, आणि आल्यागेल्यांच्या देखत डोकं गुडघ्यांत घालून रडला. मी त्याला उठवलं नाही. माझ्यात तेवढी माया त्या दिवशी शिल्लक नव्हती.

संध्याकाळी बाबा दाखल झाले. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, कसलीही सबब न देता. बाबा ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे करून माझा फोन मागितला. थेरपिस्ट बाई होत्याच. बाबा उठून बसले, घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले... म्हणजे ओठ हलले. फोनने फक्त वारा टिपला. पुन्हा केलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. "सर..." आणि मग ढास लागली, ती थांबेना. आईने फोन काढून घेतला. "पुरे," ती म्हणाली. "मला ऐकू आलं."

आलं नव्हतं. मी तिच्या शेजारीच होते.

बाई हळूच म्हणाल्या, मशीनचा तयार आवाजही मिळतो, वापरून बघा. त्यांनी तो ऐकवला. "कृपया पाणी द्या." बाबांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी मामाकडे बोट केलं आणि पुटपुटले. आम्ही तिघंही वाकलो.

"तू बोल."

"दाजी, मी नाही. काहीही सांगा, हे नको."

"घरातला... आवाज," बाबा म्हणाले. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

ती शिक्षा होती की माफी, मला आजही सांगता येत नाही. मला तेव्हा ती शिक्षाच असावी, असं वाटत होतं. बाईंनी त्याला रेकॉर्डिंगसाठी बाहेरच्या रिकाम्या खोलीत नेलं. काचेतून मला तो दिसत होता, शाळेत उभं केल्यासारखा ताठ. पाणी दे. उशी वर कर. दुखतंय. मामा एकेक वाक्य स्वच्छ, ठणठणीत म्हणत गेला. 'सरकार'पाशी आला आणि अडला. दोनदा तोंड उघडून त्याने मिटलं. सख्ख्या बहिणीला त्या नावाने हाक मारणं त्याच्या जिभेवर येईना. मी आत जाऊन बाईंना म्हटलं, "ते राहू द्या." टॅबमधल्या त्या चित्रावर बोट ठेवलं तर अजूनही काही ऐकू येत नाही. बाबा कधीकधी तरीही ठेवतात.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले, आणि आमच्या घरात गोंधळ सुरू झाला. मामा वरून म्हणायचा, "दार लाव," आणि आई बाबांच्या खोलीत धावायची. खोलीतून टॅबचं "दुखतंय" ऐकू यायचं आणि ती जिन्याकडे बघून ओरडायची, "मग घे की गोळी!" एकदा असंच बाबा बोट ठेवत राहिले, ठेवत राहिले, आणि आईला वाटलं वर मामाच कुरकुरतोय. ती गेली तेव्हा बाबांच्या मानेवरची पट्टी भिजून लाल झाली होती. निभावलं. पण त्या दिवसापासून मामा घरात बोलेनासा झाला.

आधी वाटलं, मनाला लागलंय, होईल बरा. तसं नव्हतं. फाटकाबाहेर तो बोलतो. वाण्याशी, दुरुस्तीवाल्याशी, फोनवर माझ्याशी. उंबरा ओलांडला की गप्प. काही हवं असेल तर येऊन उभा राहतो, बोटाने दाखवतो. आई खूप भांडली त्याच्याशी, रडलीसुद्धा. तिला तो फाटकाबाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, एका घरात तो आवाज दोघांचा कसा असेल?" आणि परत आत येऊन तोंड मिटून बसला.

गेल्या महिन्यात मी न कळवता घरी गेले. दार मामानेच उघडलं. पिकलाय आता. माझी बॅग घेतली, डोक्यावर हात ठेवला, हसला. बोलला नाही. मी चपला काढत होते आणि तो माझ्यासमोर ओठ मिटून उभा होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याचाच ठणठणीत आवाज आला, "कोण आलंय?"

"मी आहे, बाबा," मी म्हटलं.