जिला मालिकांचं वेड लावलं, तीच आज माझी मुलाखत घेऊन गेली

मंडळी, आज दुपारपासून मी जळते आहे. खोटं कशाला बोलू?

एम.ए. करताना भंडाऱ्याच्या वसतिगृहात मी आणि प्रणाली एकाच मोबाईलवर कोरियन मालिका बघायचो. वेड मीच तिला लावलं. पुढे लग्न होऊन मी वरठीला आले, आणि ती आता दिल्लीत याच मालिकांवर पीएचडी करते आहे. आपल्याकडच्या बाया या मालिका का बघतात, हा तिचा विषय.

आज ती घरी आली ती माझीच मुलाखत घ्यायला. रेकॉर्डर सुरू करून म्हणाली, "तुले या मालिका काहून आवडतात?"

मी म्हटलं, "त्यात सगळे नायिकेले विचारतात, तू जेवली का? मले इथं कोणी विचारत नाही."

तिचा पेन थांबला. "अवं, हे तर माह्या डोक्यातच आलं नव्हतं! याचं माह्या प्रबंधात पूर्ण प्रकरण होते."

माझा जीव जळला. प्रकरण माझं, पदवी तिची!

"माहं नाव लिहिशील ना?"

"नाव बदलावं लागते. नियम आहे."

मी उठून चहा गाळला. कप तिच्यापुढे ठेवून मी विचारलं, "माह्या एम.ए.वर दिल्लीत पीएचडीले प्रवेश भेटते का? फॉर्म कधी निघतात?"

ती चमकली. मग रेकॉर्डर बंद करून तिने मला सगळं कागदावर लिहून दिलं. जळणं मात्र अजून थांबलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी पस्तिशीनंतर पुन्हा शिकायला गेलं आहे का? घरी पहिल्यांदा कसं सांगितलं?