गोमूची मिशी

न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसला होता आणि त्याच्यासमोर भिकू दोन्ही हातांनी मिशी झाकून उकिडवा बसला होता.

“हात काढ,” तात्यासाहेब म्हणाले.

“नाय जमायचं, तात्यानू.”

“नाय म्हणजे? नवरीला मिशी असते का कुठे?”

“बापूस जिता हाय माझा.”

हे ऐकलं मात्र, न्हाव्याने वस्तरा मिटून मांडीखाली सारला. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नाही, ही आपल्याकडची रीत. मिशी उतरते ती बाप गेल्यावर, दिवसकार्याला. तसल्या तोंडाने भिकू गावात शिरला असता तर बायाबापड्यांनी वाटेतच गळा काढला असता. न्हाव्याला हे कळत होतं. तात्यासाहेबांनाही चांगलं कळत होतं. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

मी पेटीमास्तर. उमेदीची वर्षं संगीत नाटक कंपन्यांत पायपेटी वाजवण्यात आणि नटांची पदं बसवण्यात गेली. पद म्हणजे नाटकातलं गाणं. ते बसवणं म्हणजे नटाच्या गळ्यात उतरेपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसणं. स्वभाव तापट, त्यामुळे एका कंपनीत फार दिवस टिकलो नाही. तेव्हा बायकांचे पार्ट बहुतेक पुरुषच करत. अशा नटाला आम्ही स्त्रीपार्टी म्हणायचो. लुगडं, अंबाडा, नथ, आणि दाढीमिशी रोजच्या रोज साफ.

तात्यासाहेब रत्नागिरीजवळच्या एका गावचे खोत. खोत म्हणजे कागदावर सरकारचा सारा गोळा करून देणारा माणूस. गावात मात्र तोच सरकार. जमीन कसणारी कुळं त्याची एक हाक आली की हातातलं काम टाकून यायची. लाकडं फोडायची, आंब्याच्या पेट्या वाहायच्या, पावसाआधी घर शाकारायचं. आता त्यांनी नाचायचंसुद्धा, हे नवीन होतं.

खोताला नाटकाचा षोक. चैत्राच्या उत्सवात आपल्याच अंगणात एक लहानसं संगीत प्रहसन करायचं ठरवलेलं. म्हाताऱ्याला तरणी बायको हवी असते आणि ऐन लग्नात ती त्याला फसवून पळते, एवढीच गोष्ट. म्हातारा स्वतः तात्यासाहेब, पेटीला आणि पदं बसवायला मी. मामलेदारांना आमंत्रण गेलं होतं. नवरीसाठी मुंबईहून एक स्त्रीपार्टी आणला होता. तो खोताकडचं जेवण यथेच्छ झोडून एका सकाळी बोटीत बसला आणि पसार झाला. शिव्या मात्र मला बसल्या, कारण तो मी सुचवला होता.

शिमगा चालू होता. त्या संध्याकाळी गावचे खेळे, म्हणजे शिमग्यात घरोघर नाचत फिरणारी मंडळी, अंगणात आले. मृदुंग, टाळ, मधे काळ्या वेशातला संकासुर उड्या मारतोय, आणि त्याच्या भोवती गोमू. गोमू म्हणजे लुगडं नेसून नाचणारा पुरुष. हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं पहिल्यांदा. नाकावरून पदर घेतलेला, चाळ बांधलेले, आणि चाल अशी की ऐकलेलं विसरून मी शेजारच्याला विचारलं, “बाईला कशी काय परवानगी दिली हो?” तो पोट धरून हसला. गोमूने गाणं उचललं. आवाज बारीक, पण अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे ऐकू जाईल असा ठणठणीत. आमचे कंपनीतले नट आरशासमोर तासन्‌तास बसून जे कमावत, ते या माणसाने नुसती मान वळवून केलं. गिरकी घेताना पदर सुटला आणि खाली ही भली मोठी मिशी. मी खो खो हसलो आणि तिथल्या तिथे तात्यासाहेबांना म्हटलं, “आपली नवरी ही.”

“तो? भिकू. आपलंच कूळ. उद्या बोलावतो,” ते म्हणाले. गोठ्यातला बैल सोडून आणतो म्हणावं तसं.

भिकू आला आणि पदं भराभर उचलली. तात्यासाहेब मात्र आपला पार्ट धड पाठ करीनात. शिवाय मला म्हातारा बोळक्या, बोडक्या तोंडाचा दाखवायचा होता आणि यांच्या ओठावर काळीभोर, पीळ दिलेली मिशी. मी म्हटलं, प्रयोगापुरती उतरवा. ते ताडकन म्हणाले, “भलतंच काय, मास्तर? वडील हयात आहेत माझे.” मी तो नाद सोडला. बरोबरच होतं त्यांचं. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, आत माजघरात पडून असायचे.

आणि आता हेच तात्यासाहेब भिकूसमोर न्हावी घेऊन उभे.

“बोलवा रे त्याच्या बापाला,” ते ओरडले.

म्हातारा काठी टेकत आला. अंगणाच्या कडेलाच थांबला.

“पोराला समजाव. नाहीतर मिरगाला डोंगराकडची जमीन दुसऱ्या कुळाला देतो.”

म्हातारा पोराकडे वळला. मग शांतपणे म्हणाला, “काढ रं भिकू. म्हातारा मेला म्हनून सांगू गावात. जमीन ऱ्हायली म्हंजे झालं.”

भिकूने तोंडावरचे हात खाली घेतले. डोळे मिटले. न्हाव्याने नाइलाजाने वाटी पुढे ओढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“थांब,” मी न्हाव्याला म्हटलं आणि पेटीचं झाकण धाडकन लावलं. “तात्यासाहेब, परवा मी तुम्हाला मिशी उतरवायला सांगितली. काय म्हणालात?”

“ते वेगळं.”

“काय म्हणालात?”

“वडील आहेत म्हणालो. मग?”

“आणि हे कोण उभे आहेत?”

“मास्तर, याचा बाप आणि आमचे अण्णा तुम्ही एका पंगतीला बसवता?”

“पंगतीचं तुम्ही बघा. मी वस्तऱ्यापुढे बसवतोय. आधी तुम्ही बसा, मग तो बसेल. जमत नसेल तर मी निघालो. मामलेदारांना तोंडाने सूर काढून दाखवा.”

“माझ्या अंगणात उभं राहून मला शिकवता?”

“तुमच्याच अंगणात शिकवायला मला आणलंय.”

न्हावी एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी तात्यासाहेब म्हणाले, “मग काय, मिशीवाली नवरी उभी करू मामलेदारांपुढे?”

“करा. गोमू करतो तशी, पदराआडून. शेवटचं पान मी बदलून देतो.”

त्यांनी ऐकलं ते काही मन द्रवलं म्हणून नव्हे. आमंत्रणं गेली होती आणि रत्नागिरीत दुसरा पेटीवाला त्या घटकेला मिळणार नव्हता. जाता जाता म्हणाले, “जमिनीचं मग बघतो.” भिकूने ते ऐकलं. त्याच्या बापानेही ऐकलं.

मी शेवट असा बदलला. नवरी म्हणून गावकऱ्यांनी मुद्दाम पुरुषच उभा केलाय. मंगलाष्टकं होतात, अंतरपाट खाली येतो, नवरी पदर सारते, मिशी बघून म्हातारा मूर्च्छा येऊन पडतो, पडदा. तात्यासाहेबांना बोलायला एक शब्द ठेवला नव्हता. नुसतं पडायचं होतं.

प्रयोगाला अंगण भरलं. पुढे खुर्च्यांवर मामलेदार आणि शहरातली मंडळी, मागे गडग्यापर्यंत गाव. भिकूची एंट्री झाली आणि पहिल्याच पदाला वन्समोअर आला. शहरातल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, कुठली हो ही? गाववाले तोंडावर हात धरून बसलेले.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट उतरला. भिकूने पदर सारला. इकडे काळी मिशी, तिकडे काळी मिशी, आणि मध्ये दोन हार. अंगण असं हसलं की बत्त्या हलल्या. लोक कुणाला हसताहेत ते तात्यासाहेबांना कळेना. पडायचं सोडून ते तसेच उभे. तोंड लाल झालं आणि नाटकबिटक विसरून ते खरोखरीच खेकसले, “काढ ती मिशी.”

हे पानात नव्हतं. माझे पाय भात्यावर थांबले. त्या अंगणात त्यांना आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं.

भिकूने एक हात कमरेवर ठेवला. मान वळवली. आणि गोमूच्या चालीत, त्याच बारीक आवाजात गायला लागला.

“नाय काढनार, घोवानू, नाय काढनार. माझा बापूस बसलाय गडग्यापाशी. तुमचा बापूस निजलाय माजघरात. तुमी काढाल काय, घोवानू, तुमी काढाल काय?”

घो म्हणजे नवरा. माझी बोटं आपसूक त्याच्या मागे गेली. तो म्हणत राहिला आणि मागचा सगळा गाव टाळ्यांवर ते धरू लागला. गडग्यापाशी त्याचा बाप काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. हसत नव्हता. पोराकडे बघत होता. तात्यासाहेबांना मूर्च्छा आली ती त्यानंतर, आणि सबंध नाटकातला त्यांचा तेवढाच अभिनय बरा झाला.

पडदा पडल्यावर मामलेदार आत आले. त्यांनी तात्यासाहेबांचा हात धरला. “मिशीची कल्पना तुमची वाटतं? आणि स्वतःवर हसून घ्यायचं म्हणजे मोठं मन लागतं हो.”

“हो, माझीच,” तात्यासाहेब म्हणाले. “बसवून घेतलं पोराकडून.”

मी शेजारी उभा होतो. भिकू लुगड्याचा काष्टा सोडत होता. माझ्या तोंडाशी जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण भिकूने माझा दंड घट्ट दाबला. “ऱ्हाऊंदे, मास्तरानू. आता जमीन कशी काढतील?”

त्याचं खरं होतं. स्वतःच पढवलेल्या गाण्यासाठी खोत कुळाला शिक्षा कशी करणार? पुढे जो तो विचारी आणि ते कल्पना आपलीच म्हणून सांगत. मिरीग आला, भिकूने त्याच जमिनीत नांगर धरला. मोठ्या माणसाकडून काही वाचवायचं असेल तर श्रेय त्याला घेऊ द्यावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. सांगताना अजून माझे दात आवळले जातात.

काही वर्षांनी रत्नागिरीच्या बंदरावर भिकू दिसला. तोवर बोलपट आले होते, बायकांचे पार्ट बायका करत होत्या आणि मी शाळेत मुलींना गाणं शिकवत होतो. तो जवळ आला तेव्हा पाहिलं, ओठ कोरा होता. मी त्याचा हात नुसता हातात घेतला.

“म्हातारा आजारानं गेला, मास्तरानू,” तो म्हणाला. “आपल्या वेळेला गेला.”