मुकर्ररमामा

माझ्या मामांचं खरं नाव मंडल ऑफिसच्या, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीच्या, हजेरीपटाबाहेर फारसं कुणी घेतलं नाही. भीमपूरपासून आदिलाबादपर्यंत जिथे म्हणून पेटी उघडली आणि तबल्यावर हातोडी पडली, तिथे ते मुकर्ररमामा होते. गाण्यातली एखादी ओळ काळजाला लागली की ते बसल्या जागी गुडघ्यांवर उंच व्हायचे, उजवा हात वर करायचे आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मुकर्रर!" म्हणजे पुन्हा एकदा, तीच ओळ. दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकताना हा शब्द त्यांनी उचलला आणि पुढे भजनाला, जयंतीच्या गाण्यांना, तेलुगू कथा सांगणाऱ्याला, सगळ्यांना तोच लावला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाटलं ते एकटीला मला, आणि तेच सांगायला हे लिहिते आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मंडल ऑफिसच्या रेकॉर्डच्या खोलीत नोकरीला होते. जुन्या उर्दू पहाण्या, म्हणजे कुठलं शेत कुणाच्या नावावर होतं त्याचे कागद, वाचणारं त्यांच्याशिवाय तिथे कुणी उरलं नव्हतं. एका म्हाताऱ्या मुन्शींच्या मागे लागून ते उर्दू शिकले होते. आमच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि त्यांचा मुलगा त्याच शेतांचे कागद वाचून दाखवायचा, तेव्हा मोठमोठे शेतवाले समोर उभे राहून ऐकायचे. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त ऑफिसला जाताना शर्टाची इस्त्री मोडलेली त्यांना चालायची नाही.

तोच इस्त्रीचा शर्ट गाण्याला जाताना. शिवाय गाण्याला ते अर्धपोटी जायचे. "पोट भरलं का कान पयले झोपते," असं त्यांचं म्हणणं. मामी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची, तो डबा कार्यक्रम संपल्यावर बसस्टँडवर उघडायचा. बसायचं तिसऱ्या रांगेत, उजवीकडे, जिथून तबलजीचा डावा हात दिसतो. पुढे का नाही बसत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पयल्या रांगेत पावने बसते. ते गानं ऐकाले नाई, दिसाले येते." मी त्यांच्या बोटाला धरून दिवाळीत गोंडांच्या दंडारी नाचाचे ढोल ऐकले, उरुसातली दुपारची कव्वाली ऐकली, पैनगंगेपलीकडच्या गावांतल्या भजनस्पर्धा ऐकल्या. तेलुगू कथा चालली की मामा कानाशी लागून मराठीत सांगायचे आणि सांगता सांगता मध्येच हात वर करायचे. माझ्या कानात दडा बसायचा.

आता, मुकर्रर ते कुणालाही वाटत नसत. एकदा भजनस्पर्धेला चांगले नावाजलेले बुवा आले होते. गळा असा की सगळं गाव माना डोलावत होतं. मामा गप्प. कार्यक्रम संपल्यावर बुवा स्वतःच त्यांच्यापाशी आले.

"मामा, आज काऊन आवाज नाई केला?"

"बुवा, गळा लय गोड हाये तुमचा. पन आज तुमी गान्याकडं नाई, लोकायकडं पाहून राह्यले होते."

बुवांचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि डोळे मिटून असे गायले की मामांनी एका अभंगात तीनदा हात वर केला. तेव्हा बुवा गाता गाता रडले, हे मी पाहिलेलं आहे.

आणि एक मुकर्रर माझं होतं. मी अकरा वर्षांची असताना विहारासमोर जयंतीच्या कार्यक्रमात मला गायला उभं केलं. पहिली ओळ म्हटली आणि दुसरी डोक्यातून साफ गेली. समोर सगळं गाव, आणि पेटीवाला सूर धरून माझ्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मुकर्रर!" मी पहिली ओळ पुन्हा म्हटली. दुसरी अजूनही येईना. पुन्हा "मुकर्रर!" तिसऱ्यांदा पहिली ओळ म्हणता म्हणता दुसरी जिभेवर आली आणि मी सुटले. घरी जाताना मामा हळूच म्हणाले, "इसरली व्हती ना?" मी मान हलवली. "कोनाले सांगू नको. लोकायले वाटलं, ओळच लय गोड व्हती." आईलासुद्धा हे आम्ही कधी कळू दिलं नाही.

पुढे मी शिकले, आदिलाबादला कॉलेजात मराठी शिकवायला लागले. तिथे आम्ही दहा-पंधरा जणांनी एक संगीत मंडळ काढलं. डॉक्टर, बँकेतले साहेब, दोन-तीन प्राध्यापक. खरं सांगायचं तर शास्त्रीय संगीतात आम्ही सगळेच नवखे. मोठ्या शहरात लोक कसे बसत असतील याची आम्ही आपापली कल्पना केली होती आणि तसे बसायचो. हूं नाही की चूं नाही. दाद म्हणजे शेवटी टाळ्या, त्याही मोजक्या. त्या शांततेचा मला केवढा अभिमान होता! मी मंडळाची सचिव होते, आणि आमच्या पत्रिकेवर खाली ठळक अक्षरांत "कृपया शांतता राखावी" असं छापायची सूचना माझीच.

नागपूरच्या एका गायिकेचा कार्यक्रम आम्ही ठरवला. रविवारी सकाळी, एका शाळेच्या सभागृहात. मामा तेव्हा निवृत्त झालेले, पहिल्या बसने आले, इस्त्रीचा शर्ट, काखेत भाकरीचं फडकं. ते फडकं कुणी पाहायच्या आत मी पुढे झाले. मी त्यांना दारातच बाजूला घेतलं.

"मामा, आज ते मुकर्रर नको हं. इथे चालत नाही."

"बरं." मग म्हणाले, "पन आवडलं तं काय करावं मानसानं?"

"मनात म्हणायचं."

"मनातलं तिले कसं ऐकू जाईन वं?"

मी हसून वेळ मारून नेली आणि त्यांना तिसऱ्या रांगेत न बसवता मागून दुसऱ्या रांगेत बसवलं. ती रांग मी मुद्दाम निवडली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

बाई सुंदर गात होत्या. आमचं सभागृह मुकाट. मी अधूनमधून मागे वळून बघत होते, गाण्यासाठी नाही, मामांसाठी. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मग बाईंनी वरच्या सुरावरून खाली येताना एक अशी जागा घेतली की माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. त्याच क्षणी मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामा उठले होते. तोंडावर रुमाल धरून, वाकून, झपाझप दाराबाहेर गेले. त्यांना राहवेना, म्हणून ते निघून गेले. आणि मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. त्या एका सुस्काऱ्याची लाज मला अजून वाटते.

कार्यक्रमानंतर चहा घेताना बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे लोक फार शांत हो. कळतच नाही, पोचतंय की नाही. एक जागा मी परत घेणार होते, तेवढ्यात मागचे एक गृहस्थ उठून गेले. म्हटलं, आवडत नसेल. सोडून दिली." मग सहज विचारलं, "कोण होते ते?"

मी म्हणायला हवं होतं, ते माझे मामा आहेत, आणि त्या सभागृहात तुमची ती जागा खरी ऐकली ती त्यांनीच. पण शेजारी डॉक्टर उभे होते, बँकेचे साहेब उभे होते. मी म्हणाले, "खेड्यावरचं कुणीतरी असेल."

मामा बाहेर चपलांच्या शेजारी उभे होते. त्यांनी हे ऐकलं नाही, तेवढं नशीब. त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले, तेव्हा भाकरी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "मी बाहेर आलो, त्याच्या मंग तिनं ते जागा फिरून घेतली काय?"

"हो, घेतली ना," मी म्हणाले.

"दोन डाव?"

"दोनदा."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "मले वाटलंच. तशी जागा एक डाव घेऊन कोनी सोडत नाई." मला अर्धी भाकरी तोडून दिली. ती मी खाल्ली, म्हणजे मी काय दगडाची होते बघा.

त्यानंतर मामा आदिलाबादच्या कार्यक्रमांना आले नाहीत. मी फोन करायचे, ते म्हणायचे, "तुमचं मोठं काम असते पोरी. माहं तोंड भरवशाचं नाई." मी आग्रह केला नाही. पुढे कळलं की गावातसुद्धा ते जाऊन गप्प बसतात. मामीने सांगितलं, गाणं सुरू झालं की खांद्यावरचा गमछा तोंडाशी धरतात. भजनवाले विचारतात, मामा, तब्येत बरी नाही का? मला वाटलं, वय झालं. सोयीचं होतं तसं वाटून घेणं.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा दुपार होती. ओसरीवर खाट टाकलेली, अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं. मामांनी मला खाटेवर बसवलं आणि त्या नागपूरच्या बाईंची चौकशी केली. "कशी गात होती वं! ते जागा दोन डाव घेतली ना तिनं?" मी पुन्हा "हो" म्हणाले. 

"एक सांग मले," ते म्हणाले. "तू शिकली सवरली हाये. मी सारी जिंदगी लोकायच्या गान्यात खोडा घातला काय वं? ते बिचारे पुढं जाऊन राह्यले होते अन् मी मांगं वढत होतो. कोनी बोललं नाई मले. तूच पयल्यांदा बोलली."

हा प्रश्न त्यांनी किती वर्षं उरात ठेवला होता, देव जाणे. मामा, तुम्ही एका रडकुंडीला आलेल्या पोरीला त्या "खोड्या"नेच तारलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरं सगळं सांगायचं तर बाईंनी ती जागा का सोडली तेही सांगावं लागलं असतं, आणि मी बाईंना काय उत्तर दिलं तेही. माझी हिंमत झाली नाही. मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली. "असू द्या मामा, बोलू नका, दम लागतो," असं म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. उत्तर मिळालं असं त्यांना वाटलं असणार.

आठवड्याने ते गेले. त्या आधी मला गावी जायला एक रविवार मिळाला होता. त्या रविवारी आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरापुढे मंडप टाकला होता. गायनपार्टी आली, ऑफिसातले जुने लोक आले, ते अभंगवाले बुवाही काठी टेकत आले. दोन-तीन गाणी झाल्यावर मामी म्हणाली, "तू म्हन ना ते जयंतीचं. त्यायले लय आवडे." मी उठले. पेटीवाल्याने सूर दिला. मी पहिली ओळ म्हटली.

दुसरी आली नाही. पाठ होती, कालही गुणगुणली होती, पण आली नाही. माझी नजर तिसऱ्या रांगेत उजवीकडे गेली. तिथे बुवा बसले होते, मान खाली घालून. पेटीवाला सूर धरून थांबला होता. सगळा मंडप माझ्या दुःखाचा मान राखून चिडीचूप बसला होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. आदिलाबादच्या सभागृहात मला हवी असायची, तशीच ती शांतता होती.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली बसले.