पहिला प्रयोग नातेवाइकांचा

माझी आत्या दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते आणि संध्याकाळी पेपरात छोट्या नाटकांची परीक्षणं लिहिते. छोटी म्हणजे नट दोन-तीन, खुर्च्या चाळीसेक, आणि संगीत नाटक असेल तर कोपऱ्यात एक कीबोर्डवाला. मोठ्या नाटकांकडे ती ढुंकूनही बघत नाही. त्यांच्यावर लिहायला सगळं जग टपलेलं आहे, असं तिचं म्हणणं.

तिचा एक नियम होता. पहिला प्रयोग पाहायचा नाही. तो नातेवाइकांचा असतो, मामा-मावश्या नट नुसता आत आला तरी टाळ्या पिटतात, मग खरं काय ते कळणार कसं? कारण आत्या रंगमंचाकडे बघते तेवढीच प्रेक्षकांकडेही बघते. कोण कुठे हसलं, कोणाची चुळबुळ सुरू झाली. आमच्या घरी याला सरळ चोंबडेपणा म्हणतात. स्कूटरवरून तिची ने-आण मीच करतो, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

एकदा एक गाणारी मुलगी दुकानात आली. चष्मा नको होता, परीक्षण हवं होतं. लिफ्टमध्ये अडकलेली बाई आणि तिला बाहेरून गाऊन धीर देणारा मेकॅनिक, असं दोघांचं संगीत नाटक तिने लिहिलं होतं, बाईचं काम तीच करणार होती. हॉलच्या मालकाने बजावलं होतं की पेपरात चांगलं छापून आलं तरच दुसरा प्रयोग, नाहीतर हॉल कराटेच्या क्लासला. म्हणजे आत्या पहिल्या प्रयोगाला जाणार नाही, आणि ती गेली नाही तर दुसरा होणार नाही. मला वाटलं, संपलं. पण बंद लिफ्टमध्ये गाणं बसवलंय कसं, या उत्सुकतेने आत्याला चैन पडेना. तिने अट घातली की हॉलमध्ये घरचं एकही माणूस नको. मुलीचा चेहरा उतरला. आई कधीची वाट बघतेय, असं काहीतरी ती पुटपुटली, पण शेवटी हो म्हणाली. मला आत्याचा रागच आला.

नाटक झकास होतं. मेकॅनिक सुरात विचारतो, कोणतं बटण दाबलं? आणि आतली बाई उत्तरादाखल सगळ्या संसाराचं रडगाणं लावते. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. आत्याच्या कपाळावर मात्र आठी. शेवटच्या रांगेतल्या अंधारात एक बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. अख्ख्या नाटकात त्या एकदाही हसल्या नाहीत. विनोद मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं आत्या माझ्या कानात कुजबुजली. हे वाक्य आता छापून येणार आणि इथे कराटे सुरू होणार, हे मी ओळखलं.

प्रयोग संपला, लोक पांगले. दुसरं कुणी घरी जाऊन लिहून मोकळं झालं असतं. आत्याला कुठलं राहवतंय? ती तडक त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि नाटकात एवढं काय खटकलं म्हणून विचारलं.

बाई गडबडल्या. रुमाल खाली घेतला तर डोळे लालबुंद.

"कुणाला सांगू नका हं. ती लिफ्टमधली माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "घरच्यांना मनाई आहे म्हणून मी गुपचूप तिकीट काढून आले. माझं हसणं हे असं मोठं. हसले असते तर त्या पेपरवाल्या बाईंना कळलं असतं, आणि पोरीचं नुकसान झालं असतं."

आत्याला इतकी वरमलेली मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "पेपरवाली मीच. आता हसा."

बाईंनी रुमाल मांडीवर टाकला. मग इतका वेळ दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ते हसणं रिकाम्या हॉलभर घुमलं. अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने मुलगी पडद्यामागून धावत आली. आईला पाहून ती जागच्या जागी थांबली आणि आत्याला म्हणाली, "म्हणजे आता दुसरा प्रयोग नाही ना होणार?"

"होणार," आत्या म्हणाली. "आणि यांना पहिल्या रांगेत बसव."